हौसाबाईची आंब

शहाडच्या हौसाबाईचा राग सगळ्या गावाला माहीत होता. पण त्या माघात ती जशी पेटली, तशी पुन्हा कधी कुणी पाहिली नाही. कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली असतील.

नदीकाठच्या हरभऱ्यावर रात्री फडकं पसरायचं आणि सकाळी दवानं भिजलेलं ते फडकं पिळून आंब, म्हणजे त्यातलं आंबट पाणी, काढायची, हा या विधवेचा थंडीतला धंदा. पोटदुखीवर लोक ती पाण्यातून घेत. कल्याणात विकायला जाई तिचा धाकटा दीर सहदेव. एरवी तो तिथल्या एका सोनाराची भट्टी फुंकायचा.

एक दिवस कल्याणच्या पारनाक्यावरच्या ठमाबाई गाडी करून थेट दारात आल्या. "काय पाजलंस गं माझ्या सुनेला? सुमतीचं तोंड सोलून निघालंय, पाणीसुद्धा गिळवत नाही!"

"माझ्या आंबेनं आजवर कुणाचं वाईट झालं नाही," हौसाबाईही कडाडली.

सहदेवाकडून घेतलेली बाटली तिथेच आदळून ठेवून ठमाबाई गेल्या. हौसाबाईनं त्यातला एक थेंब चाखून थुंकला. आंबट होता, पण हरभऱ्याचा हिरवा वास नव्हता. ती बाटली आणि घरची आंब घेऊन ती तडक दवाखान्यात गेली.

तिथल्या गोपीनाथ कंपाउंडरनं दोन चिंध्यांवर दोन्हींचे थेंब टाकले आणि चिंध्या निखाऱ्यावर धरल्या. आंबेची नुसती पिवळी पडली. बाटलीतल्या थेंबाची काळी ठिक्कर पडून तिला भोक पडलं.

"गंधकाचं तेजाब आहे, सोनार दागिने उजळायला वापरतात ते. पाणी घातलेलं."

"पाणी घातल्यावर त्याचा जोर मरत नाही?"

"पातळ होतं, दुबळं नाही होत. तुझ्या आंबेतलं आम्ल जातीचंच दुबळं. पाण्यात त्यातलं थोडंच सुटं होतं. तेजाब पाण्यात पडलं की सगळंच्या सगळं सुटं होऊन चावायला धावतं. आणि पाणी उडालं की मागे उरतं ते कापडही जाळतं."

हौसाबाईनं सोनाराच्या दुकानातून सहदेवाला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं.

"वैनी, दवच पडत नव्हतं गं! पाण्यात थोडंसंच तेजाब टाकलेलं. जिभेला फरक कळत नव्हता."

"मग पी! माझ्यासमोर पी!"

त्यानं बाटली तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली घेतली. तिनं भर बाजारात त्याच्या थोबाडीत दिली आणि त्याला ठमाबाईंच्या दारात नेऊन उभं केलं. ठमाबाईंनी दार लावून घेतलं.

सुमती महिनाभर पेजेवर होती. हौसाबाई रोज सकाळी दुधाचा तांब्या त्यांच्या पायरीवर ठेवून यायची. सहदेव ठाण्याला निघून गेला.

कल्याणात तिची आंब पुन्हा कुणी घेतली नाही. पुढच्या थंडीत ती नुसते हरभऱ्याचे ओले घाटे विकायला बसली. ओळखीची बाई नजर चुकवून पुढे गेली की तिच्या मस्तकात तिडीक जायची. राग त्या बाईचा नसायचा. घरातलं माणूस पाठीमागे काय करतंय, ते आपल्याला दिसलं नाही, याचा असायचा.