आमची लॅगिंग गँग

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. माळ्यावरच्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. दर रविवारी तंजावूरच्या बसस्टँडजवळ आम्ही तिघं-चौघं म्हातारे कॉफीला जमतो, तेच ते किस्से सांगतो आणि हसतो. हसता हसता खोकतो. खोकला थांबला की पुढचा किस्सा!

आम्ही सगळे एका साखर कारखान्याच्या लॅगिंग गँगमधले. वाफेचे पाइप गरम राहावेत म्हणून त्यांच्यावर ॲस्बेस्टॉसचा लेप थापायचा आणि वरून कापड गुंडाळायचं, हे आमचं काम. ती पांढरी पूड आम्ही अर्ध्या ड्रममध्ये पाणी घालून हातांनीच कालवायचो.

*

एकदा चेन्नईहून नवा इंजिनिअर आला. ड्रमभोवती उडणारं पांढरं बघून दारातच थबकला. "मास्क कुठेयत तुमचे?"

आमचा फोरमन सेल्वराज खांद्यावरचा टॉवेल नाकावर ओढून म्हणाला, "हा काय, सार्! दुपारी यातच डबा बांधतो. कंपनीचा खर्च शून्य!"

*

पाळी सुटल्यावर गावच्या बसमध्ये चढलो की कंडक्टर ओरडायचा, "राव, साखर कारखान्यात आहात की पिठाच्या गिरणीत?"

घरी बायको, कमळा, मला पुढच्या दाराने आत घेतच नसे. मागच्या अंगणात उभं करून शर्ट काढून घ्यायची, नारळाच्या बुंध्यावर सपासप झटकायची, मग दगडावर आपटायची. तिच्या केसांवर, पापण्यांवर सगळं पांढरं बसायचं.

"अय्यो, साखर करतात म्हणता, आणि घरी रोज पीठच आणता! एक दिवस तरी गोड काही आणा!"

मी पापण्यांवरून फुंकर घालायचो. ती डोळे मिटून उभी राहायची. आता कमळा नाही. अंगणातला तो दगड तेवढा आहे.

*

एका कार्तिगै दीपमला, आमच्या दिव्यांच्या सणाला, मी तिच्यासाठी ॲस्बेस्टॉसच्या दोरीची वात नेली. म्हटलं, "बघ, जन्मभर जळणार नाही! फक्त तेल घालत जा."

तिने दिवा लावला. थोडा वेळ बघितलं, मग चिमट्याने वात उचलून बाहेर टाकली.

"नक्को. तेलाने एकट्यानेच जळायचं आणि वातीने मजा बघायची? देवाला असला कामचुकारपणा चालत नाही!"

*

आयुधपूजेला कारखान्यात घरच्यांना सोडायचे. कमळाला बॉयलर बघायचा होता. "ज्याचं पीठ मी रोज धुते, तो मेला दिसतो तरी कसा?"

पण दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी मुलीला ताप, कधी पापनाशमहून पाहुणे. ती नेसलेली नवी साडी घडी करून ठेवायची आणि म्हणायची, "पुढच्या वर्षी न्या हं." शेवटी कारखानाच बंद पडला. तिला एकदा तरी नेऊन आणायला हवं होतं, हे मला अजून वाटतं.

*

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी सेल्वराजला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, ती पूड फुफ्फुसात जाऊन बसते, मग निघत नाही.

आम्ही भेटायला गेलो तर नाकात नळी, तरी हा हसतोय! "पाइपला लॅगिंग बाहेरून असतं. मला आतून झालंय!"

त्याच आठवड्यात गेला.

*

मग आम्ही सगळ्यांनीच छातीचे फोटो काढून घेतले. माझ्या सोबतीला कमळा आली होती. पायरी चढताना तिला दम लागला, म्हणून मी तिचाही काढायला लावला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझा फोटो बघितला. "ठीक आहे." मग तिचा उजेडाला धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. शेवटी खुर्ची तिच्याकडे वळवून विचारलं, "अम्मा, तुम्ही कारखान्यात कुठल्या डिपार्टमेंटला होता?"

कमळाने एकदा माझ्याकडे बघितलं. पदर सारखा केला, ताठ बसली.

"लॅगिंग."

"किती वर्षं?"

"लग्न झालं त्या दिवसापासून!"