सहाशे चाळीस केबी

लेक नोकरीसाठी परगावी निघाली होती. खाली रिक्षा थांबलेली, आणि बायकोच्या फोनवर सूचना, ‘जागा शिल्लक नाही’. निरोपाचा फोटो काही निघेना. मी फोन घेऊन पाहिलं, तर आत गुलाबांवर लिहिलेल्या सुप्रभातांचा उकिरडा! एवढी अवाढव्य मेमरी आणि तिची ही लायकी. जागा कमी असली की माणूस काय हवं ते ठरवतो. वाढली की ठरवायचंच सोडून देतो.

“आमच्या पहिल्या कॉम्प्युटरला सहाशे चाळीस केबी मेमरी होती,” मी सुरू झालो. “मराठी टायपिंग हवं असेल तर जागा करायला मेमरीतून माउसचा प्रोग्राम काढायचा, वेगळी फ्लॉपी घालून मशीन पुन्हा सुरू करायचं. तुम्हाला साधं फूल पुसवत नाही!”

“अहो, ती फुलं तुम्हीच पाठवलीत. रोज सकाळी.”

“बाबा, माउस काढला हं,” म्हणत लेकीनं सगळे गुलाब एका फटक्यात पुसले आणि हात लांब करून फोटो घेतला.

आता घर शांत आहे. फोटोत दोघी हसताहेत आणि मधे मी तोंड उघडं टाकून उभा आहे, बहुधा पुन्हा फ्लॉपीपर्यंत पोचलेला.