सावड मोडली तो पावसाळा

तुमच्या गावातून परक्या सरकारच्या लढाईवर कोणी गेलं होतं का? आणि गेलं असेल, तर मागे राहिलेल्या घराशी तुम्ही कसे वागलात? मी कशी वागले ते आधी सांगते.

आमचं घर मावळातल्या वडिवळ्यात. वडील शाळामास्तर. सरकारविरोधी पत्रकं लोणावळ्याहून दुधाच्या रिकाम्या किटल्यांत लपून कामशेतला उतरायची आणि तिथून आमच्या ओटीवर यायची. कागद इतका पातळ की पाठची ओळ पुढे उमटे. शाई हाताला लागे आणि भाकरीलाही तिचा वास येई. इतर मुली गोष्टी वाचत तेव्हा मी ही पत्रकं वाचत होते. आजही कुठे ताज्या शाईचा वास आला की ती ओटी, वडिलांचा दोऱ्याने बांधलेला चष्मा आणि समोरचा ओला डोंगर डोळ्यांपुढे येतो.

लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. कामशेतच्या बाजाराला कर्णा लावलेली भरतीची मोटार येई. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर दुसरा विषय नसे. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले एक आबा तिथे बसत. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.

"आबा, बसऱ्याला काय बगितलं?" कोणी मुद्दाम विचारी.

"खजूर. दोन बोटं दिली आन् पोटभर खाल्ला. लय महाग पडला गड्या."

सगळे हसत. मग कोणीतरी म्हणे, "पर आबा, आपलं त्या जर्मनाशी भांडान तरी काय? त्याचा बांध आपल्या बांधाला लागून हाय व्हय?"

आमच्या गावात ती लढाई कोणालाच नको होती. हे ठासून सांगते, कारण खेड्यातल्या माणसाला या गोष्टीत मतच नव्हतं असं लिहिणारे शहाणे आता पुष्कळ झाले आहेत. मत होतं. कोणी विचारलं नाही, एवढंच.

आणि तरीही एक जण गेला. गावाच्या टोकाला एका विधवा मावशीचं घर होतं, तिचा एकुलता मुलगा. एका बाजाराला तो भरतीच्या मोटारीत चढला आणि घरी न सांगताच पलटणीत गेला. काही महिन्यांनी मिसर देशातून कार्ड आलं. वाळू फार आहे, मी बरा आहे, रेडा विकू नको. वडिलांनी ते तिला तीनदा वाचून दाखवलं.

त्या ज्येष्ठात एक नवं पत्रक आलं. लढाईत सरकारला कसलीही मदत करू नये, असा मजकूर होता. घरोघर देण्यासाठी मी त्याच्या नकला करत होते. मजकूर मला थंड वाटला. म्हणून खाली माझ्या मनाने एक ओळ घातली: 'जो या लढाईवर जाईल त्याच्या घराशी गावाने सावड ठेवू नये.' वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोठ्याने वाचून पाहिलं. वडिलांनी विचारलं, "ही शेवटची ओळ तुझी?" मी हो म्हणाले. त्यांनी कागद परत माझ्यापुढे ठेवला. तेव्हा रागावले असते तर बरं झालं असतं.

मावळात भाताची लावणी एकट्या घराने होत नाही. आज सगळ्या बायका तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी कोणी घेत नाही. ज्याचं खाचर त्याच्या घरची भाकरी. ही सावड. ती मोडली तर रोप वाफ्यातच जून होतं आणि जून रोपाला दाणा धरत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही.

देवळात पत्रक वाचलं गेलं. माना डोलल्या. मला फार बरं वाटलं.

आषाढात मावशीच्या लावणीची पाळी आली. आदल्या दिवशी ती घरोघर सांगून आली आणि सगळ्यांनी "बगू" म्हटलं. सकाळी मी शेजारणींबरोबर दुसऱ्या खाचरावर रोपाच्या जुड्या पोचवायला चालले होते. बघते तर मावशी बांधावर एकटी, डोक्यावर इरलं, पुढ्यात फडक्यात बांधलेल्या बारा-चौदा जणींच्या भाकऱ्या. खाचर चिखलून तयार होतं, आणि त्यात कोणीच नव्हतं.

बाकीच्या खाली बघत पुढे गेल्या. मला तिने हाक मारली.

"मास्तराच्या पोरी, ते तू लिवलंस म्हनं?"

"मावशी, तुमच्यावर राग नाही. लढाई चुकीची आहे."

"चुकीची हाय हे तू मला सांगतीस? माजं पोर हाय तितं." ती ओरडली नाही. "जाताना मला इचारलं असतं तर पाय धरून बसले असते. आता तीन दिसांत हे रोप न्हाई लावलं तर तुज्या कागदावर भात पिकतूय का बग."

सरकार दिल्लीत होतं, विलायतेत होतं. माझी ओळ तिथवर पोचलीच नव्हती. ती या बांधापर्यंत पोचली होती.

मी लुगडं खोचलं आणि चिखलात उतरले.

लावणी मी कधी केली नव्हती. मूठभर रोप एकदम खुपसत होते, तेही कोपरभर खोल. ओळ सापासारखी चालली होती. शेजारच्या खाचरातल्या बायकांचं गाणं थांबलं आणि हसणं सुरू झालं. आबांची सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं ए पत्रकवाले! रोप हाय ते, झेंडा न्हाई! किती खोल रवतीस?"

"मग तुम्ही दाखवा ना!"

"आमाला बंदी हाय. तूच घातलीस न्हवं?"

"मीच उठवते. ओळ माझी होती, पत्रकातली नव्हती. चुकले मी."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "हिला अशीच सोडली तर समदं रोप वाया घालवंल," आणि बांध ओलांडून आली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. दोन घरं मात्र शेवटपर्यंत आली नाहीत. त्यांना माझी ओळ पटली होती. त्याचा दोष मी त्यांना देत नाही.

ती दुपार मला अजून आठवते. पाठीवर पाऊस, पोटऱ्यांपर्यंत उबदार चिखल, चार-चार रोपांचं चूड कसं धरायचं ते शिकवणारे खरबरीत हात. कोणाचं मत बदललं नव्हतं. बायका लावता लावता सरकारला अशा शिव्या देत होत्या की कुठल्याही पत्रकात छापता येणार नाहीत, आणि सर्वांत कडक शिव्या मावशीच्या होत्या. मग बांधावर बसून सगळ्यांनी तिच्या भाकऱ्या खाल्ल्या. परमुलखातल्या त्या लढाईविरुद्ध इतकी खरी सभा मी नंतर लोणावळ्यात काय, पुण्यातही पाहिली नाही.

भात उशिरा आलं, लोंब्या आखूड राहिल्या, पण आलं.

आता सरकार आपलं आहे. उद्या तेही कोणाच्या तरी भांडणात आपली पोरं समुद्रापार पाठवील. पटलं नाही तर बोला, लिहा, चौकात उभं राहून विरोध करा, मीही करीन. फक्त त्याआधी एक करा. तुमच्या गावातून जो गेला असेल त्याच्या घरी याच आठवड्यात जा, कोणतं काम अडलंय ते विचारा, आणि ते उरकूनच घरी परता.