मी न्हाई, तुमी

कुणी ब्रश पुढे केला की बाई दोन्ही हात पाठीमागे घ्यायच्या. वर्गात बोलणी खाणारी पोर उभी राहते ना, अगदी तशा. आणि मान हलवून म्हणायच्या, "मी न्हाई. तुमी."

मी त्यांना 'मी नाही, तुम्ही' असं शुद्ध शिकवलं होतं. पण त्यांचा खरा गुरू मी नव्हतोच. त्या मराठी शिकल्या बौद्धवाड्यातल्या पंचफुलाकडून, आणि पंचफुला लेकरांशी, कोंबड्यांशी आणि बाईंशी एकाच भाषेत बोलायची. एकदा सरपंच बालवाडी बघायला आले, तर बाईंनी चटई झटकली आणि मोठ्या मायेनं म्हणाल्या, "बस की रे! कवा आलास?" सरपंचांना वीस वर्षांत कुणी 'अरे' केलं नसेल. ते गुमान बसले.

बाई परदेशी, वय पन्नाशीच्या पुढचं. तिकडे शाळेत चित्रकला शिकवायच्या. ती नोकरी सोडून त्या दूरदेशी जाऊन विनामोबदला काम करणाऱ्या चित्रकारांच्या एका गटात शिरल्या. गटातला एक जण पूर्णेला राहिला, एक पाथरीला, आणि बाई सोनपेठच्या पुढे गोदाकाठच्या आमच्या गावी आल्या. गावकऱ्यांनीच एका भिंतीवर आपल्या गावाचं चित्र काढायचं, काढता काढता बोलायचं, आणि बोलता बोलता पाण्याचं, दवाखान्याचं, शाळेचं कुठं अडलंय ते उमगायचं, असा त्यांचा बेत. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात आलं.

भिंत बालवाडीची होती, नवी कोरी, गाव आणि बौद्धवाडा यांच्या मधोमध. बाईंनी गेरू, हळद, नीळ, काजळ डिंकाच्या पाण्यात कालवून रंग केले. गावातल्या बायका सकाळी यायच्या, बौद्धवाड्यातल्या दिवस कलताना. दोन्हीकडच्या बायका एका वेळी का येत नाहीत, असं बाईंनी मला विचारलं.

"कामाच्या वेळा वेगळ्या आहेत," मी सांगून टाकलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या गावातही बौद्धवाड्यातली घरं जळाली होती. आलेल्या पाहुणीला हे सांगायचं कशाला, असं मी मनाशी म्हटलं. तुम्हीही म्हटलं असतं, की नसतं, मला माहीत नाही.

भिंत भरत गेली. कुणी ज्वारीचं कणीस काढलं, कुणी धुरळ्यातली एसटी. एका म्हातारीनं बैल काढला, त्याला पाचवा पाय आला. "ऱ्हाऊ द्या, जास्तीचं वझं वढंल," ती म्हणाली, आणि बाई तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसल्या. फक्त पंचफुला रोज यायची, बसायची, उठून जायची. "मला न्हाई येत," म्हणायची. बाई तिच्या शेजारी नुसत्या बसून राहायच्या.

मग एका संध्याकाळी तिनं काजळाची वाटी ओढली. आधी घर काढलं. मग गेरूनं छपरावर जाळ. दाराशी खुंट्याला बांधलेली शेळी. "दावं सोडायला टाइम मिळाला न्हाई," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. मग ओढ्याच्या अलीकडे ओळीनं उभी माणसं काढली. एकालाही तोंड नव्हतं. पण एकाच्या हातात छत्री होती.

आमच्या गावात बारा महिने छत्री घेऊन फिरणारा माणूस एकच होता. माझे थोरले काका. वडिलांच्या मागे त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं, त्यांच्याच घरी मी राहत होतो. जाळपोळीच्या दिवशी मी परभणीला होतो. काका कुठं होते, ते मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि सरपंच भिंतीसमोर उभे राहिले. काकांनी चित्र पाहिलं, छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि मला म्हणाले, "सांग त्या बाईला. सांजच्याला भित पांढरी झाली पाह्यजे. न्हाई तर पंचफुलाला कापूस येचणीला कोण बोलवतंय ते बघतो मी. आन् हितं गावातलं लेकरू बी यायचं न्हाई."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी इंग्रजीत सांगितलं, "बालवाडी बघायला साहेब येणार आहेत. भिंत स्वच्छ हवी. चित्रं पुन्हा काढता येतील. हे दोघं तुमचे आभार मानतात."

"पंचफुला काय म्हणते?"

"तिची हरकत नाही," मी म्हणालो.

त्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. बायकांचीच भिंत आहे, त्यांना नको असेल तर नको, म्हणाल्या. चुना कालवला. पण त्या दिवशी एकही बाई फिरकली नाही. ती खबर गावाला माझ्या आधी लागलेली होती. बाई थांबल्या, वाट पाहिली, आणि शेवटी स्वतःच कुंचा उचलला. मी बादली धरली. कणीस गेलं, एसटी गेली, बैल गेला. जळणारं घर त्यांनी सगळ्यांत शेवटी पुसलं, हलक्या हातानं, जणू त्याला दुखेल.

शेळी पुसून होतेय तोवर पंचफुला रानातून आली. डोक्यावर सरपणाचा भारा होता, तो तिनं खाली टाकला नाही.

"बाई, तुमी?"

"तुमीच म्हनलं ना," बाई म्हणाल्या.

"मी? मी कवा म्हनलं?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. आता मध्ये दुभाषा लागत नव्हता.

मी सगळं सांगितलं, काकांच्या शब्दांत. पंचफुलाचं काम जाईल, म्हणून लपवलं, असंही म्हणालो. बाईंच्या हातावरून चुना ओघळत होता. त्यांनी माझ्याशीही इंग्रजी सोडून दिलं आणि विचारलं, "तिला इचारलं का?"

मी बादली खाली ठेवली. पण पंचफुलाचा राग माझ्यापाशी थांबला नाही. "ह्यांचं सोडा," ती बाईंना म्हणाली, "तुमी कामून केलं? येक डाव माझ्या घरी यायचं व्हतं. ठिवायचं का पुसायचं, ते मी बघितलं असतं. तुमी जाताल तुमच्या मुलकाला. मला हितंच ऱ्हायचंय. पुसायचंच असतं तर मी माझ्या हातानं पुसलं असतं."

बाई खाली मातीत बसल्या. इतका वेळ बसल्या की चुना हातावर वाळून तडकला.

त्यानंतर त्या रोज पंचफुलाच्या दाराशी जायच्या. पंचफुला पाणी द्यायची, बोलायची नाही. येचणीला तिला कुणी बोलावलं नाहीच. भिंत पांढरी झाली होती, तरीही. महिनाभरानं ती लेकरं घेऊन पूर्णेला दिराकडे गेली. तो रेल्वेत होता. बाईही मुदत संपायच्या आधीच गेल्या. एसटीत बसताना त्यांनी मला नुसता नमस्कार केला. काकांना मी काही विचारलं नाही. त्यांच्या पंगतीला बसून जेवत राहिलो.

दोन वर्षांनी बाईंचं पत्र आलं. माझ्या पत्त्यावर, पण पंचफुलासाठी, इंग्रजीत. मी पूर्णेला गेलो. रेल्वेच्या चाळीत दारात बसून ती तूर निवडत होती. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. 'मी सगळ्यांना सांगायचे, तुम्हीच करा. आणि ज्या दिवशी तुझं काम होतं त्या दिवशी मी ते केलं. मी विचारायला हवं होतं. मला येऊन तुला भेटायचं आहे, पण तू हो म्हणालीस तरच.'

"फिरून सांगा," पंचफुला म्हणाली. मी फिरून सांगितलं.

"मग जबाब लिवा. राग हाय, ते लिवा. आन् या म्हनावं, ते बी लिवा."

मी लिहिलं. तिनं वाचून दाखवायला लावलं.

"थोडा राग?" तिनं सूप थांबवलं. "मी थोडा म्हनलं का, मास्तर?"

मी 'थोडा' खोडला.

ते पत्र पाच महिन्यांनी परत आलं, न फोडलेलं. पाकिटावर इंग्रजी शिक्का होता. मी पुन्हा पूर्णेची गाडी धरली.

"काय लिवलंय ह्याच्यावर?" तिनं विचारलं.

"बाई वारल्या," मी म्हणालो.

तिनं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. मालगाडी गेली, तिचे डबे संपता संपेनात. मग चाळीच्या टोकाला घागरींचा आवाज झाला. "नळ आला वाटतं," पंचफुला म्हणाली, पाकीट कमरेला खोचलं आणि घागर घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.