तपकिरी कोटाची पाच काजं

कपडेपटाच्या खोलीत दांडीवर सदरे टांगले की सिनेमातली पोरं एकेक करून मोजायला यायची. पोरं म्हणजे विशी ओलांडलेले नट-नट्याच, पण पडद्यावर सोळा-सतरा वर्षांचे. गोष्ट फुटू नये म्हणून दिग्दर्शक कुणाला पूर्ण कथा सांगत नसे, त्यामुळे आपण या भागात जगणार की मरणार, हे त्यांना ठाऊक नसायचं. टाचणीला मात्र ते सगळ्यांच्या आधी कळायचं. जगणाऱ्याला दोन सदरे पुरतात. मरणाऱ्याला सात लागतात: एक कोरा, दोन चुरगळलेले, एक बाहीला फाटलेला आणि तीन रक्तात भिजवायला, कारण मरणाचा प्रसंग पहिल्या फटक्यात कधीच मनासारखा होत नाही.

"माझे किती, बाई?"

"सात."

"म्हणजे मेलो."

"मेलास. पण कापड चांगलं घातलंय तुला."

सात सदरे म्हणजे सात हुबेहूब सदरे. खिशाची चौकट एका दोऱ्याने इकडेतिकडे झाली तरी पडद्यावर दिसते, आणि दिसलं की लोक हसतात, आणि भीतीच्या सिनेमात लोक हसले की सगळं मुसळ केरात. टाचणीच्या हातचे सात सदरे शेजारी टांगले तर तिला स्वतःलाही पहिला कोणता ते सांगता यायचं नाही. सिनेमातलं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग. त्याला मुंग्या लागायच्या, म्हणून भिजलेले सदरे ती पाण्याच्या परातीत उभ्या केलेल्या घडवंचीवर ठेवायची. ही युक्ती तिची. पुढे दुसऱ्यांनी उचलली आणि आपली म्हणून सांगितली, त्यावर ती म्हणायची, "मुंग्यांना ठाऊक आहे कुणाची ते."

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगाने किडकिडीत, बोलायला टोकदार, आणि कामाच्या वेळी ओठांत सदा पाच-सहा टाचण्या धरलेल्या, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. सिनेमात येण्याआधी पंधरा वर्षं तिने घरच्या पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवले. फक्त बायकांचे. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

ज्या सिनेमांनी तिला नाव दिलं त्यांचे पाच भाग निघाले. गोष्ट अशी, की एका शाळेतल्या पाच मित्रमैत्रिणींनी थट्टेत पोहण्याच्या तलावाच्या पंपघराला बाहेरून कडी घातली आणि विसरून गेले. आत पंप चालवणारा म्हातारा होता. तो मेला. मग पाचही जणांनी हातावर हात ठेवून ठरवलं, कुणी काही बोलायचं नाही. वर्षभराने त्या म्हाताऱ्याचा लांब तपकिरी कोट घालून कुणीतरी आलं आणि एकेकाला गाठू लागलं. चेहरा कधी दिसायचा नाही, दिसायचा तो कोट. लोक त्याला कोटवाला म्हणू लागले. लहान मुलं जेवत नसली की आया त्याचं नाव घ्यायच्या. तो कोट टाचणीने शिवला होता.

पहिल्या भागाच्या वेळी ती अडतिसाची होती, सिनेमात नवी, पदरात आठ वर्षांची मुलगी आणि घरात कमावणारी ती एकटी. कोट कापला, टाचला आणि काजांसाठी खडूने खुणा केल्या. काजं करायला काका होते. काका म्हणजे कपडेपटातले जुने कारागीर, तेव्हाच साठीला टेकलेले. मशीनच्या काजांना ते "भोकं" म्हणत. त्यांच्या हातचं काज पाहून माणसाला उगाच बटण लावावंसं वाटायचं. त्यांनी कोट मांडीवर घेतला, खुणा पाहिल्या, कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"पोरी, खूण याच बाजूला ना?"

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या आणि डोळे दुसऱ्या सदऱ्याच्या बाहीवर होते. ती म्हणाली, "हूं."

काकांनी पाच काजं कापली आणि दोन दिवस बसून विणून काढली. काज एकदा कापलं की कापलं, ते काही उसवता येत नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी भर दुपारी, काळे पडदे लावून केलेल्या अंधारात, कोटवाला होणारा गडी कोटाची बटणं लावायला लागला आणि त्याची बोटं अडखळू लागली. पुरुषांच्या कपड्याला बटणं उजवीकडे असतात, बायकांच्या डावीकडे. या कोटाला ती डावीकडे होती. पंधरा वर्षांचं हाताचं वळण आड आलं होतं. निर्मात्याच्या माणसाने आवाज चढवला, "हे कुणी केलं?"

काम गेलं तर मुलीचं काय, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं. ती म्हणाली, "काजं काकांनी केलीत."

शब्दाला शब्द खरा होता, आणि धडधडीत खोटं होतं. काका दोन पावलांवर दोऱ्यांचा डबा घेऊन उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हो. काजं माझीच आहेत." संध्याकाळच्या आत त्यांना घरी पाठवलं. कोट तसाच वापरावा लागला, कारण मरणाऱ्याला सात लागतात पण मारणाऱ्याला कोट एकच लागतो, आणि दुसरा शिवायला वेळ नव्हता.

टाचणी भित्री निघाली, दुसरा शब्द नाही. तिने स्वतःलाही कधी दुसरा दिला नाही. चार दिवसांत सगळ्या शिवणाऱ्यांत बातमी पसरली आणि काकांना नाव पडलं, उलटेकाका. पुढे त्यांना कुठल्याच सिनेमात बोलावलं नाही. ते घरी बसून गणवेशाच्या दुकानाची काजं करू लागले. टाचणीने ते नाव कधी तोंडातून काढलं नाही, पण दुसऱ्याने काढलं तर त्याला गप्पही केलं नाही.

आणि सिनेमा तुफान चालला. त्या गड्याची बोटं बटणांवर अडखळत होती तोच प्रसंग लोकांना सगळ्यात भयंकर वाटला. पळून जायला वाट नाही, आणि समोर तो सावकाश एकेक बटण लावतोय. मग कुणीतरी बारीक नजरेने पाहिलं आणि पत्रं यायला लागली: बटणं बायकी बाजूला आहेत, म्हणजे कोटवाला ही बाई आहे. दिग्दर्शक ती पत्रं घेऊन कपडेपटात आला. मागे साठेक माणसं.

"बाई, ही खूण तुम्ही मुद्दाम ठेवलीत?"

टाचणी गुडघ्यावर बसून एका झग्याची किनार टाचत होती. तोंडात टाचण्या होत्या. म्हणाली, "हूं."

साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या भागात लेखकाने तेच उचललं. कोटवाला निघाली पंपवाल्याची बायको. नवऱ्याचा फाटलेला कोट तिने नव्याने शिवला होता, आणि जन्मभर फक्त स्वतःचेच कपडे शिवलेले असल्यामुळे हाताच्या सवयीने बटणं डावीकडे लावली होती. कथावाचनाला हे ऐकताना टाचणीने चहाचा भरला कप न पिताच खाली ठेवला. लेखकाला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, आणि त्याने तिचंच गुपित शब्दाला शब्द लिहून ठेवलं होतं. शेजारच्या नटीला वाटलं, बाई घाबरल्या. "इतकं जमलंय?" तिने विचारलं. टाचणी म्हणाली, "जमलंय खरं."

बावीस वर्षं गेली. या बावीस वर्षांत तिने काम असं केलं की नाव घ्यावं. पाच भागांत एकही खिसा हलला नाही, एकही बाही चुकली नाही. काजांच्या खुणा ती आता तीनदा तपासायची आणि काज करणाऱ्याने विचारलं तर आधी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचायची, मगच उत्तर द्यायची. नव्या मुली यावर हसायच्या. हसू देत. पण दर भागात नवी पोरं तशीच हातावर हात ठेवून "कुणी काही बोलायचं नाही" म्हणायची, तेव्हा टाचणी कॅमेऱ्यामागून उठून इस्त्री तापवायला जायची.

मग शेवटचा भाग संपला, आणि सगळ्या सिनेमांच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मधोमध काचेच्या कपाटात कोट. खाली कार्ड: "उलट्या बाजूची बटणं ही टाचणीबाईंची कल्पना." उद्घाटनाला तिचा सत्कार. तिची मुलगी आता शाळेत शिकवत होती आणि आईचा कोट म्हणून वर्गात वर्षातून दोनदा तरी त्याची गोष्ट सांगत होती. कार्डाचा मजकूर तिनेच कौतुकाने आईला वाचून दाखवला. टाचणीने ऐकून घेतलं, कात्री बाजूला ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

मुलीने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे त्या पाच पोरांत आणि तुझ्यात फरक काय?"

"फरक एवढाच, की त्यांना कोटवाल्याने गाठलं. माझा कोटवाला मीच शिवला होता."

"काका आहेत अजून?"

"आहेत. ऐंशीचे."

"मग ऊठ."

काकांची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीशी पाट, पाटावर दोऱ्यांचा तोच डबा. डोळे अधू झाले होते, तरी पावलांवरून त्यांनी ओळखलं. टाचणी उभ्या उभ्याच बोलली. बसली असती तर बोलणं झालं नसतं.

"काका, खूण माझी चुकली होती. मी तुमच्यावर ढकललं."

"ठाऊक आहे की. मी तिथेच होतो."

"रागावला नाहीत?"

"रागावलो ना. चांगला सहा वर्षं रागावलो. मग कंटाळा आला." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं. "तेव्हा बोललो असतो, पण तुझी पोर लहान होती. माझी मोठी झाली होती."

"लोक तुम्हाला नाही नाही ते म्हणाले."

"उलटा म्हणाले त्याचं काही नाही. उलटी काजं काय, सांगितली तर पाठीवरही करून देईन. पण मला न विचारता कापणारा समजले, ते लागलं. चाळीस वर्षांत विचारल्याशिवाय मी एक काज कापलं नाही. तुलाही विचारलं होतं."

"विचारलं होतंत."

"मग एवढंच सांग त्यांना. बाकी तुझं तू बघ." डबा बाजूला सारून म्हणाले, "येईन मी. तुझं भाषण ऐकायला नाही. काजं बघायला."

उद्घाटनाच्या सकाळी सभागृह भरलं होतं. पाचही भागांतली मेलेली पोरं नीटनेटके कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती. टाचणी बोलायला उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक तिचं तोंड टाचण्यांशिवाय पाहत होते. ती म्हणाली, "ही कल्पना नव्हती. चूक होती. माझी."

लोक हसले. त्यांना वाटलं, बाईंचा विनय. ती थांबली, हसू ओसरू दिलं आणि सुरुवातीपासून सांगितलं: खडू, पहिला हूं, काकांवर ढकललेलं, दुसरा हूं. दुसऱ्यापर्यंत पोचली तेव्हा कुणी हसत नव्हतं. दिग्दर्शक, आता केस पांढरे झालेला माणूस, खुर्चीतूनच म्हणाला, "म्हणजे आपला तिसरा भाग एका चुकीवर उभा आहे?"

"काजांवर उभा आहे," टाचणी म्हणाली. "पाच सिनेमे त्या माणसाने बटणं लावली आणि काढली. कोटाचं अस्तर मी चारदा बदललं. काजांना हात लावावा लागला नाही."

मग तिने काचेचं कपाट उघडायला लावलं. मुलगी काकांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी कोटाची कड बोटांत घेतली आणि वरून खाली एकेक काज चाचपत गेले. पाचही.

"चौथं जरा लांब झालंय," ते म्हणाले.

"नाही झालं, काका."

"झालंय. तेव्हाही झालं होतं. तुला दिसलं नाही." आणि पाठ ताठ करून ते लोकांकडे वळले, तेव्हा पहिली रांग उभी राहिली आणि मागोमाग सगळेच उभे राहिले. टाचणीला इतका अभिमान तिच्या स्वतःच्या सत्काराचा कधीच वाटला नसता. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

त्याच दुपारी कार्ड बदललं. मजकूर टाचणीने सांगितला, मुलीने वळणदार अक्षरात लिहिला. काकांना आता अक्षरं दिसत नव्हती म्हणून तिने तो त्यांच्या कानाशी मोठ्याने वाचला. "शिवण, टाचणीची. बटणांची बाजू चुकली, तीही टाचणीची. काजं काकांची."

"झालं?" काकांनी विचारलं.

"अजून एक ओळ आहे," मुलगी म्हणाली. "कापण्याआधी त्यांनी विचारलं होतं."

काकांनी मान हलवली. "आता परत वाच," ते म्हणाले. "शेवटची ओळ तेवढी."