न दिलेली आरोळी

धाकट्या भावाच्या हातून एक दिवस माणूस मरेल, ही धास्ती काही केल्या तिच्या मनातून जात नव्हती. लहानपणी त्याने शेजारच्या मुलाचं मनगट मुरगाळून मोडलं, तेव्हापासूनची.

भर बाजारातल्या जुन्या नाट्यगृहात तो पडदेवाला होता. रंगवलेले पडदे छताशी टांगलेले, दोरांच्या दुसऱ्या टोकाला वजनासाठी वाळूच्या गोण्या. त्या दोरांच्या गाठी मारणं-सोडणं त्याचं काम. आता तिथे शहरातल्या हौशी मंडळींचे कार्यक्रम होत. तिची लेकही तिथेच नाचायची. पाठीमागे सगळे त्याला ‘तोफ’ म्हणत. दोर सोडण्याआधी तो “डोकंऽऽ!” अशी आरोळी ठोके. जो हलणार नाही त्याला लाथ. एका बँक मॅनेजरला तर त्याने कॉलर धरून फरफटत बाजूला काढलं होतं. “मरायचं तर ऑफिसात मरा साहेब, इथली फरशी मला पुसावी लागते!” नाट्यगृहाच्या समितीने ते हसण्यावारी नेलं.

परवा तालमीत एका गायकाशी त्याची जुंपली. गायक चारचौघांत त्याच्या तोंडावर थुंकला. त्याने गायकाचं नाक फोडलं. लोकांनी दोघांना ओढून वेगळं केलं. घटकाभराने गायक पुन्हा रंगमंचावर उभा राहिला आणि वरून गोणी कोसळली. खांद्याचं हाड कातडी फाडून बाहेर आलं.

“आरोळी दिल्याशिवाय तोफ दोर सोडतच नाही,” समितीचे सचिव म्हणाले. “गायकच हलला नसेल.” सगळ्यांना ते पटलं.

आज जेवताना लेक हळूच म्हणाली, “आई, मी विंगेतच होते गं. मामा ओरडलाच नाही.”

ती ताटावरून उठली आणि तडक भावाच्या खोलीवर गेली. तो सोललेल्या बोटांना मलम लावत बसला होता.

“आरोळी का नाही दिलीस?”

“दिली असती तर हलला असता ना तो.”

“अरे, मेला असता!”

“नेम चुकला, ताई.” तो हसला. “बस ना, चहा टाकतो.”

ती उभीच राहिली. उद्या पुन्हा तालीम होती, आणि दोर त्याच्याच हातात. भाचीच्या केसालाही तो धक्का लावणार नाही, हे ती जाणून होती. पण त्या दोरांखाली बाकीच्यांचीही लेकरं उभी राहणार होती. सचिव पांघरूण घालतील.

घरी येऊन तिने दार लावलं, लेकीला जवळ बसवलं आणि फोन हातात घेतला. पोलिसांनाच लावायचा, आणि पहिलं वाक्य हेच बोलायचं: मी त्याची सख्खी बहीण.