खिडकीखालचा बाक

शिक्षक आपापसात पालकांबद्दल बोलतात का, असं मला अजूनही कुणीकुणी विचारतं. अहो, बोलतात का म्हणजे काय! त्याशिवाय डबा घशाखाली उतरतो होय?

सत्तरच्या दशकात मी वसईकडच्या एका शाळेत शिकवायला लागले. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की आधी लोणचं फिरायचं आणि मग पालक. कळंबचे एक बाबा प्रगतिपुस्तकाबरोबर सुक्या बोंबलांची पुडी आणायचे, ते बोंबीलराव. निर्मळचे एक जण सायकलवरून न उतरताच, एक पाय कट्ट्याला टेकून, लेकाची चौकशी करायचे, ते घोडेस्वार. ही नावं बहुतेक मीच ठेवलेली. जीभ पहिल्यापासून तिखट, आणि तेव्हा मला त्याचं भारी कौतुक होतं.

पालक उन्हात ताटकळतात म्हणून मीच शिपायाला सांगून एक जुना बाक सावलीत ठेवून घेतला होता. सावली होती ती आमच्याच खिडकीखाली. यात काही घोटाळा आहे, हे आम्हा सात शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला वडील नव्हते. आई पहाटे फुलं घेऊन दादरला जायची. परीक्षा तोंडावर आली तरी मुलगी आठवड्यातून तीन दिवस घरी, गजरे ओवायला. सातवीनंतर तिची शाळाच बंद होणार असं कानावर आलं आणि माझं डोकं फिरलं. मी आईला बोलावणं धाडलं.

त्या दिवशी डबा खाता खाता मी सुटलेच. "या बाईला लेकीपेक्षा टोपली प्यारी! अहो, दहा पोरींची अक्कल त्या एकटीत आहे. माझ्या पोटी असती तर शिकवून माझ्या खुर्चीवर बसवली असती!"

गणिताचे सर म्हणाले, "मग हे त्यांनाच सांगा की."

"तिला काय कळणार, कपाळ!"

बाहेर बाक करकरला. हातातला घास तसाच धरून मी खिडकीतून डोकावले. रिकामी टोपली मांडीवर घेऊन तीच बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही तणतणत जाणार, आजच मुलीचं नाव शाळेतून काढणार, आणि माझ्या जिभेपायी पोरीचं वाटोळं होणार! खरकट्या हातानेच मी बाहेर धावले.

"ताई, मी आपलं रागाच्या भरात..."

"बसा, बाई." तिने सरकून मला जागा करून दिली. "टोपलीचं राहू द्या. टोपली आहे म्हणून चूल पेटते, ते तुम्हाला नाही कळायचं. पण ते दुसरं काय म्हणालात? दहा पोरींची अक्कल?"

"हो."

"खरं सांगता?"

"अगदी खरं."

तिने टोपलीच्या काठावरून बोट फिरवलं. "पाचवीपासून तुम्हीच तिच्या बाई. दर वेळी सांगता, वही अपुरी, खाडे फार, केसांना रिबीन नाही. मला वाटलं, पोरीला काही येतच नाही. मग कशाला उगाच शाळेत कुजवायची, म्हणून घरी बसवत होते."

मी खरकटा हात पदराला पुसला.

"उद्यापासून रोज धाडते," ती उठत म्हणाली. "गजरे मी ओवीन रात्री. आणि बाक हलवू नका हं. बोंबीलरावांना तुमचं सगळं ठाऊक आहे, हसतात बिचारे."

मी आत आले. डबा तसाच झाकला आणि कपाटातून त्या मुलीचं प्रगतिपुस्तक काढलं. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझंच वळणदार अक्षर होतं. 'हुशार' हा शब्द मी दोनदा शोधला. तो कुठेच नव्हता.